हाडे तपासा, पण सुरुवात यंत्रापासून नको

तेलंगणातल्या उटनूरसारख्या आदिवासी भागात हाडांचा ठिसूळपणा वेळेत ओळखायचा म्हटले की बोलणे लगेच यंत्रावर येते. जिल्ह्याला डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारे क्ष-किरण यंत्र, हवे, पैसा कोण देणार, चालवायला माणूस कुठून आणणार. आणि ते येईपर्यंत टाच तपासणारे छोटे यंत्र आणून निदान एखादे शिबिर तरी भरवू. २० ऑक्टोबरला जागतिक ऑस्टिओपोरोसिस दिन असतो. त्या सुमारास अशा मोफत शिबिरांचे फलक गावोगावच्या चौकात लागतात, त्यामुळे हाच रस्ता स्वाभाविक वाटतो. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. आदिलाबादच्या एजन्सी (अनुसूचित आदिवासी) भागात, आणि सीमेपलीकडच्या किनवट, केळापूर, जिवती तालुक्यांतही, हाडांची तपासणी उद्यापासून सुरू करता येईल. त्यासाठी लागतील पाच-सहा प्रश्न, एक वजनकाटा आणि घराची भिंत. घनता मोजणारे यंत्र ही दुसरी पायरी आहे. आणि औषध मिळण्याची खात्री नसेल, तर पहिली पायरी चढण्यातही अर्थ नाही.

हा आजार हाड मोडेपर्यंत बोलत नाही, हीच त्याची अडचण. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन आटते आणि हाड जितके भरते त्याहून जास्त झिजू लागते. पुढे साध्या पडण्याने मनगट मोडते, मग मणके दबतात, शेवटी खुबा. मणका दबला तरी बहुतेकदा कुणाच्या लक्षात येत नाही. कापूस वेचून कंबर धरली, वय झाले म्हणून म्हातारी वाकली, असेच घरचे म्हणतात. खुबा मोडला की मात्र लपत नाही. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण चारपाचांतला एक वर्षभरात दगावतो आणि वाचलेल्यांतले अनेक पूर्वीसारखे चालू शकत नाहीत. हे पाश्चात्त्यांचे दुखणे, असे समजण्याचे कारण नाही. हरियाणातल्या रोहतक जिल्ह्यातल्या मोजणीत पन्नाशीपुढच्या दर लाख लोकांमागे वर्षाला १२९ जणांचे खुबे मोडल्याचे आढळले. दिल्लीतल्या पाहणीत पन्नाशीपुढच्या सुमारे १८ टक्के लोकांचे मणके दबलेले निघाले, आणि त्यात पुरुष बायकांपेक्षा मागे नव्हते. तेव्हा हा फक्त बायकांचा आजार, हेही खरे नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. ही शहरातल्या बैठ्या लोकांची गोष्ट. डोंगर चढणाऱ्या, मोळ्या वाहणाऱ्या, दिवसभर शेतात राबणाऱ्या गोंड-कोलाम बायकांची हाडे कशी ठिसूळ होतील? अंगमेहनतीने हाड बळकट होते, हे खरेच आहे. पण हाडाला नुसता ताण पुरत नाही, भरायला काही लागते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या डॉ. वीणा शत्रुघ्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. गरीब वस्तीतल्या ३० ते ६० वयाच्या २८९ बायकांच्या हाडांची घनता त्यांनी डेक्सावर मोजली. खुब्याच्या मानेशी २९ टक्के बायकांना ऑस्टिओपोरोसिस होता आणि आणखी ५२ टक्क्यांची हाडे त्याच्या उंबरठ्यावर होती. या बायकांच्या रोजच्या जेवणातून जेमतेम २७० मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात जात होते. आपल्याकडची शिफारस मोठ्या माणसाला रोज १,००० मिलिग्रॅमची आहे. या काही बैठ्या बायका नव्हत्या. मेहनत, कमी वजन, अपुरे अन्न आणि लागोपाठची बाळंतपणे एकत्र आली की काय होते, ते या आकड्यांत दिसते. उटनूरच्या पाड्यांवर यातले एकही कारण कमी नाही.

इथे जुन्या आहाराचे गोडवे गायचा मोह होतो: पूर्वी ज्वारी होती, आता रेशनचा तांदूळ आला आणि हाडे गेली. तांदळात कॅल्शियम नावालाच असते, हे खरे. पण ज्वारीतही शंभर ग्रॅममागे ते तिशीच्या आतच आहे. नाचणीत साडेतीनशेच्या वर, शेवग्याच्या पाल्यात तीनशेच्या आसपास, तिळात हजाराच्या पुढे. ज्वारी परत आणण्याची कारणे पुष्कळ आहेत, पण हाडांसाठी तेवढ्यावर विसंबून चालणार नाही. शिवाय साठीच्या बाईला आजपासून नाचणी दिली, तरी पंधरा वर्षांत झिजलेले हाड त्याने भरून येत नाही. आहाराचा खरा फायदा आज आश्रमशाळेत असलेल्या मुलींना होईल. आजच्या म्हाताऱ्यांसाठी झीज शोधून औषध देणे, एवढाच मार्ग उरतो.

तेलंगणात याहून गंभीर एक कारण आहे आणि ते सरकारी आकडेवारीतच आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी देशात ३.२ टक्क्यांची गर्भपिशवी काढलेली होती. तेलंगणात हे प्रमाण ७.७ टक्के आणि आंध्रात ८.९ टक्के होते. देशभरात ही शस्त्रक्रिया होते ती साधारण चौतिशीच्या आसपास. पिशवीबरोबर अंडाशयही काढले तर पाळी जाण्याचे सगळे परिणाम त्याच दिवशी सुरू होतात. अंडाशय ठेवले तरी ती वेळ अलीकडे येते. मराठी वाचकाला हे प्रकरण नवे नाही. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या तेरा हजारांहून अधिक बायकांच्या पिशव्या काढल्याचे २०१९ मध्ये उघड झाले, तेव्हा चर्चा झाली ती शस्त्रक्रिया करणाऱ्यांची आणि मुकादमांच्या जाचाची. ती व्हायलाच हवी होती. पण या बायका पन्नाशीत येतील तेव्हा त्यांची हाडे साठी ओलांडलेल्या बाईसारखी झालेली असू शकतील, याची फारशी चर्चा झाली नाही. चाळिशीच्या आत पिशवी काढलेली प्रत्येक बाई हाडांच्या तपासणीच्या यादीत आपोआप यायला हवी. त्यासाठी यंत्र लागत नाही, विचारावे लागते.

आता शिबिरातल्या त्या यंत्राविषयी. टाच पाण्यात किंवा जेलीत टेकवायची, ध्वनिलहरी आरपार जातात, दोन मिनिटांत कागदाची चिठ्ठी बाहेर येते आणि तिच्यावर उणे दोन, उणे तीन असा आकडा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ऑस्टिओपोरोसिसची व्याख्या ठरवली: तरुण निरोगी बाईच्या सरासरीपेक्षा घनता अडीच प्रमाण विचलनांनी किंवा त्याहून खाली गेली, म्हणजे टी-स्कोअर उणे २.५ किंवा कमी असला, की आजार धरायचा. ही रेघ डेक्साने खुब्यावर किंवा कमरेच्या मणक्यांवर केलेल्या मोजणीसाठी आहे. टाचेच्या यंत्राच्या आकड्याला ती लावता येत नाही, असे या विषयातल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ संस्थेचेच म्हणणे आहे. टाचेची तपासणी अगदी निरुपयोगी नाही. पासष्टीपुढच्या बायकांत इतर जोखमींशी जोडून पाहिली तर हाड मोडण्याचा अंदाज ती देते. पण शिबिरात हे जोडून पाहणे होत नाही. चिठ्ठी हातात पडते, तिच्यामागे कॅल्शियमच्या गोळ्यांची पट्टी येते आणि पुन्हा कुणी विचारत नाही. चाळिशीतली धडधाकट बाई घाबरून गोळ्या विकत घेते. दोन वर्षांपूर्वी अंगणात पडून मनगट मोडलेली पासष्टीची बाई मात्र शिबिरापर्यंत पोहोचतच नाही.

डेक्साचा आकडाही डोळे झाकून घेण्यासारखा नाही. ते यंत्र हाडाचे क्षेत्रफळ धरून घनता काढते, त्यामुळे लहानखुऱ्या अंगाच्या माणसाची हाडे आहेत त्याहून विरळ भासतात. त्यातच तुलना गोऱ्या अमेरिकी बायकांशी केली, तर निम्मा गाव आजारी ठरू शकतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने याच कारणासाठी भारतीय स्त्री-पुरुषांचे स्वतंत्र मापदंड २०१० मध्ये मांडले. फ्लोराइडच्या भागात याच्या उलट चूक होते. नळगोंडा किंवा यवतमाळच्या काही गावांत वर्षानुवर्षे फ्लोराइडयुक्त पाणी पिऊन हाड दाट होते, पण कणखर होत नाही. १९९० मध्ये अमेरिकेत एक चाचणी प्रसिद्ध झाली. ऑस्टिओपोरोसिस असलेल्या बायकांना चार वर्षे सोडियम फ्लोराइड दिले, तेव्हा कमरेच्या मणक्यांची घनता ३५ टक्क्यांनी वाढली. मणके मोडायचे मात्र कमी झाले नाहीत आणि इतर हाडे उलट जास्त मोडली. यंत्राच्या आकड्यावर सगळी भिस्त ठेवणाऱ्यांनी ही चाचणी विसरू नये. आपल्याला टाळायचे आहे ते हाड मोडणे. घनता हा त्याचा एक अंदाज आहे, तोही एकमेव नव्हे.

मग पहिल्या पायरीवर काय करायचे? पन्नाशीनंतर साध्या पडण्याने हाड मोडले होते का, हा सगळ्यांत मोलाचा प्रश्न. एकदा मोडलेले पुन्हा मोडण्याची शक्यता साधारण दुप्पट असते. प्रश्न विचारायची पद्धतही महत्त्वाची. ‘फ्रॅक्चर झाले होते का’ म्हटले तर नाही असे उत्तर येईल, कारण मनगट मोडलेली बाई दवाखान्यात न जाता हाडवैदाकडे जाऊन बांबूच्या पट्ट्या बांधून घेते आणि एक्स-रे कधी निघतच नाही. म्हणून ‘पडून हात बांधावा लागला होता का, कुणाकडे बांधला’ असे विचारायचे. दुसरा प्रश्न पिशवीचा आणि पाळी कधी गेली याचा. तिसरा स्टेरॉइडचा: दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी महिनोन्‌महिने चाललेल्या गोळ्यांची पट्टी दाखवायला सांगायची. चौथा, आई-वडिलांपैकी कुणाचा खुबा मोडला होता का. मग वजन. आशियाई बायकांसाठी २००१ मध्ये तयार झालेले एक सोपे गणित आहे: किलोतल्या वजनातून वय वजा करायचे आणि उत्तराला ०.२ ने गुणायचे. उणे चारच्या खाली गेले तर जोखीम जास्त. पासष्टीच्या ४० किलोच्या बाईचे उत्तर येते उणे पाच.

यात दोन अडचणी आहेत. पहिली वयाची. आधार कार्डावर अनेक वृद्धांची जन्मतारीख एक जानेवारी असते आणि साल अंदाजाने घातलेले असते. पण या भागाला आपले पंचांग आहे. इंद्रवेल्लीला आदिवासींवर झालेला पोलिसांचा गोळीबार २० एप्रिल १९८१ चा. त्या वेळी लग्न झाले होते का, कडेवर मूल होते का, एवढे विचारले तरी वय दोन-चार वर्षांच्या फरकाने हाती लागते. दुसरी अडचण अशी, की पासष्टीला ४५ किलोंच्या आतली प्रत्येक बाई या गणितात जास्त जोखमीची ठरते, आणि इथल्या बहुतेक म्हाताऱ्या तेवढ्याही भरत नाहीत. गाळणीत सगळेच अडकले तर गाळणीचा उपयोग काय? म्हणून भिंत. बाईला टाचा आणि पाठ भिंतीला टेकवून सरळ समोर बघत उभे करायचे. डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकत नसेल, तर पाठीचा कुठला तरी मणका दबलेला असण्याची शंका घ्यायची. मग बाजूने, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्यात बोटे घालून पाहायची. दोन बोटांपेक्षा कमी जागा असेल तर शंका बळावते. वैद्यकीय अभ्यासांत तपासल्या गेलेल्या या खुणा आहेत. एका बाईला दहा मिनिटे लागतात. ज्यांना आधी हाड मोडल्याचा इतिहास आहे किंवा ज्यांचे डोके भिंतीला टेकत नाही, त्यांना आधी पुढे पाठवायचे. नुसते वजन कमी असलेल्यांना त्यांच्या मागून.

हे करणार कोण, हा रास्त प्रश्न आहे. आशाताईंवर आधीच कामाचा ढीग आहे आणि मोबदला तुटपुंजा. पण नवी मोहीम उभी करण्याची गरज नाही. तिशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब, मधुमेह, कर्करोग यांच्या जोखमीचा अर्ज आशाताई भरतातच. साठीपुढच्यांना उभे राहताना-चालताना तोल जातो का, हेही त्यात विचारले जाते. त्यालाच जोडून वरचे प्रश्न आले तर घर तेच, फेरी तीच. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेने आदिवासी पाड्यांवर घरोघर तपासणी होऊ शकते, हे दाखवून दिले आहे. गावातली शिकवलेली बाई मोजमाप करून जीव वाचवू शकते, याचा पुरावा तर शेजारच्या गडचिरोलीतच आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने आरोग्यदूतांच्या हाती वजनाचा काटा आणि काही लक्षणांची यादी देऊन नवजात बालमृत्यू निम्म्याहून खाली आणले, हे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. फक्त जादा कामाचा जादा मोबदला द्यायला हवा. तो न देता अर्जात ओळी वाढवल्या की उत्तरे घरबसल्या भरली जातात. आणि एक सावधगिरी: सिकलसेलच्या तरुण रुग्णाचा खुबा दुखतो तो बहुधा हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटल्यामुळे. त्याला म्हातारपणाच्या ठिसूळपणाच्या रांगेत उभे करू नये.

सगळ्यांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे: असे शोधून काढल्याने हाडे मोडायची थांबतात का? उत्तर ‘काही प्रमाणात’ असे आहे, आणि ते तसेच सांगायला हवे. ब्रिटनमध्ये ७० ते ८५ वयाच्या १२,४८३ बायकांवर झालेल्या चाचणीत आधी प्रश्नावलीने जोखीम काढली आणि जोखमीच्या बायकांचीच डेक्सा केली. २०१८ मध्ये आलेल्या निकालानुसार पाच वर्षांत खुबे मोडण्याचे प्रमाण २८ टक्क्यांनी घटले. सगळी ठिसूळ फ्रॅक्चर्स मिळून मात्र फरक पडला नाही. डेन्मार्क आणि नेदरलँड्सच्या तशाच चाचण्यांत एकट्याने पाहता ठोस फायदा दिसला नाही. तिन्ही एकत्र केल्या तर खुब्याच्या बाबतीत फायदा दिसतो. अमेरिकेच्या तज्ज्ञगटाने जानेवारी २०२५ मध्ये पासष्टीपुढच्या सर्व बायकांची आणि त्याआधी पाळी गेलेल्या जोखमीच्या बायकांची तपासणी पुन्हा सुचवली. पुरुषांबाबत पुरावा अपुरा ठरवला. म्हणजे विज्ञान सरसकट तपासणीच्या बाजूने छातीठोकपणे बोलत नाही, पण जोखीम पाहून निवडलेल्यांच्या तपासणीच्या बाजूने बोलते. माझा आग्रह तेवढाच आहे. त्या ब्रिटिश चाचणीतही सुरुवात प्रश्नांनी झाली, यंत्र मागून आले.

पण तपासणीचे मोल औषधावर ठरते. ॲलेन्ड्रोनेटची गोळी आठवड्यातून एकदा, उपाशीपोटी, ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवे व्हायचे नाही. पहाटे उठून शेत गाठणाऱ्या बाईला हे वर्षानुवर्षे सांभाळणे कठीण. झोलेड्रोनिक ॲसिड वर्षातून एकदा शिरेतून देता येते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत त्याने तीन वर्षांत खुब्याची फ्रॅक्चर्स ४१ टक्क्यांनी आणि मणक्यांची ७० टक्क्यांनी कमी केली. न्यूझीलंडच्या संशोधकांनी त्याच्याही पुढची गोष्ट जानेवारी २०२५ मध्ये दाखवली: ५० ते ६० वयाच्या बायकांना पाच वर्षांच्या अंतराने फक्त दोन डोस दिले आणि दहा वर्षांत नवे मणके दबण्याचे प्रमाण ११.१ टक्क्यांवरून ६.३ टक्क्यांवर आले. पावसाळ्यात ओढा आडवा आला की रस्ता तुटणाऱ्या पाड्यांसाठी याहून सोयीचे औषध नाही. जोखीमही सांगायलाच हवी. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा ‘ड’ जीवनसत्त्व फारच कमी असेल तर हे औषध घात करू शकते. म्हणून आधी क्रिएटिनिन आणि कॅल्शियम तपासणे, ‘ड’ जीवनसत्त्व व कॅल्शियम भरून काढणे अटळ. जबड्याचे हाड मरणे, मांडीचे हाड वेगळ्याच जागी मोडणे हे दुष्परिणाम क्वचित होतात, पण होतात. रक्ताच्या तपासणीची सोय आहे: तेलंगणा डायग्नोस्टिक्सच्या जाळ्यात प्राथमिक आरोग्य केंद्रावर घेतलेला नमुना मोठ्या प्रयोगशाळेत जातो. सलाइन लावून पंधरा-वीस मिनिटे थेंब सोडायला उटनूरचे सरकारी रुग्णालय पुरते.

शेवटचा आक्षेप प्राधान्याचा. हिवताप, रक्तक्षय, सिकलसेल, बाळंतपणातले मृत्यू असताना म्हाताऱ्यांच्या हाडांवर खर्च का करायचा? खर्च आत्ताही होतोच, फक्त उशिरा होतो. तेलंगणाच्या आरोग्यश्री योजनेची मर्यादा डिसेंबर २०२३ मध्ये दहा लाखांपर्यंत वाढली, पण अशा योजना रुग्ण दाखल झाल्यावर, शस्त्रक्रियेची वेळ आल्यावर कामाला येतात. मोडलेला खुबा बसवायला सरकार पैसे मोजते आणि तो मोडू नये म्हणून लागणारी वर्षाची एक सलाइन बाईने स्वतः विकत घ्यावी, हा हिशेब कुठल्याही प्राधान्यक्रमात बसत नाही. शिवाय म्हातारी अंथरुणाला खिळली की तिची देखभाल सुनेवर किंवा शाळा सोडलेल्या नातीवर येते.

तेव्हा उटनूरच्या एकात्मिक आदिवासी विकास संस्थेने (आयटीडीए) आणि जिल्हा आरोग्य यंत्रणेने एवढे ठरवावे. आशाताईंच्या अर्जात हाडांचे प्रश्न आणि भिंतीची तपासणी घालून त्याचा वेगळा मोबदला द्यावा. पन्नाशीपुढचे, पडून हाड मोडलेले प्रत्येक स्त्री-पुरुष आणि चाळिशीआधी पिशवी काढलेली प्रत्येक बाई यांची गावनिहाय यादी करावी. ज्यांचा खुबा किंवा मणका आधीच मोडला आहे, त्यांचे औषध डेक्साच्या प्रतीक्षेत अडवू नये. अशा रुग्णात निदानाला घनतेच्या आकड्याची गरज नसते. उरलेल्यांसाठी महिन्यातून एक दिवस ठरवून आयटीडीएच्या गाडीने डेक्सा असलेल्या रुग्णालयात नेण्या-आणण्याची सोय करावी. झोलेड्रोनिक ॲसिड सरकारी औषधसाठ्यात ठेवावे. टाचेच्या यंत्राची शिबिरे भरवायला परवानगी द्यायचीच असेल, तर सापडलेल्या प्रत्येकाचा पाठपुरावा करण्याची लेखी अट घालावी. ती मान्य नसणाऱ्याला फलक लावू देऊ नये. एवढे एक वर्ष केले की जिल्ह्याला किती डेक्सा यंत्रे लागतील हे नावानिशी यादीच सांगेल, आणि मग यंत्राची मागणी करायला हाती आधार असेल.